हाताने शिवलेला, मोठ्या संग्राहकांसाठीचा टेडी गिऱ्हाइकाने एक वर्षाच्या बाळाला दिलाय, काय करू?

सुईदोरा | शुक्रवार, रात्री ११:४२

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे भरतकामाच्या धाग्यांवर असते पण आज जीव खालीवर होतोय म्हणून स्वतःचा धागा काढलाय, लांबेल थोडा.

मी पुण्यात राहते आणि गेली तीन वर्षं हाताने टेडी बेअर शिवते. तुळशीबागेत टांगलेले असतात तसे नाहीत, जुन्या पद्धतीचे. मोहेर म्हणजे अंगोरा शेळीच्या लोकरीचं लव असलेलं कापड, मान, दोन हात, दोन पाय असे पाच सांधे फिरतात, काचेचे डोळे, आत लाकडाचा कीस आणि पोटात वजनाला स्टीलचे बारीक छर्रे. आत्तापर्यंत एकोणीस झाले, नऊ विकले गेले, बहुतेक ओळखीत.

मागच्या रविवारी एका प्रदर्शनात टेबल घेतलं होतं. एक काकू आल्या, साठीच्या असतील. माझा तपकिरी रंगाचा, ३५ सेंमीचा टेडी त्यांनी उचलला आणि अर्धा तास खाली ठेवलाच नाही, त्याची मान इकडेतिकडे फिरवून बघत होत्या, मधेच फिरून यायच्या आणि परत त्यालाच उचलायच्या. शेवटी ४,५०० रुपये मोजून घेऊन गेल्या, घासाघीस नाही काही नाही. मी इतकी खूश होते की कुणासाठी घेताय एवढं विचारायचंही सुचलं नाही.

आज संध्याकाळी त्यांचा व्हॉट्सॅपवर फोटो आला. नातवाचा पहिला वाढदिवस, आणि ते बाळ माझ्या टेडीचा कान तोंडात घालून बसलंय. खाली लिहिलंय "सोडतच नाही हो".

डोळे ८ मिमीचे आहेत, काचेचे, मागे तारेचा फासा. दोरा मी दुहेरी, मेण लावलेला वापरते, पण शेवटी दोराच तो. आणि छर्रे नुसत्या एका सुती पिशवीत आहेत. फोटो बघितल्यापासून मला दुसरं काही सुचत नाहीये. नवरा म्हणतो उगाच घाबरवू नकोस त्यांना, इतकं घट्ट शिवतेस, काही होत नाही. फोन करून परत मागू का? कसं सांगू?

ब्रेन्झकाठ | शुक्रवार, रात्री ११:५८

आत्ता मेसेज टाका. उद्या सकाळी नाही, आत्ता. "टेडीचे डोळे काचेचे आहेत, बाळाजवळून काढून उंच ठेवा, मी उद्या येऊन बदलून देते." एवढंच. माफी, कारणं सगळं नंतर भेटल्यावर. बाकीचं मी सकाळी सविस्तर लिहिते.

गोधडीवाली | शनिवार, सकाळी ६:२०

सुईदोरा, झोप लागली का गं? मेसेज टाकलास ना? मोकळ्या हाताने जाऊ नकोस त्यांच्याकडे. बाळाच्या हातातलं काढून घ्यायचं तर हातात दुसरं ठेवायला हवं, नाहीतर रडून घर डोक्यावर घेईल. जुन्या सुती साडीचा शीव एक. आमच्याकडं कराडला गोधडीला नऊवारीच वापरतात, शंभर वेळा धुवून लोण्यासारखी झालेली असते, बाळाच्या गालाला टोचत नाही. आत नुसता कापूस घालू नकोस, धुतला की गोळे होतात, उशीत घालतात तो पॉलिस्टर भर. डोळे दोऱ्याचे. सांधे नकोतच, हातपाय अंगाबरोबर सलग काप.

सुईदोरा | शनिवार, सकाळी ७:०५

टाकला मेसेज रात्रीच, बारा वाजून गेलेले पण त्या जाग्या होत्या. लगेच उत्तर आलं, "कपाटावर ठेवला, काळजी करू नकोस बाळ". मग कुठे जरा डोळा लागला. गोधडीवाली, माझ्याकडे सासूबाईंची एक जुनी इरकल आहे, काठ फाटलाय पण अंग चांगलं आहे. आज तेच करते. उद्या त्यांच्याकडे जायचं ठरलंय.

ब्रेन्झकाठ | शनिवार, सकाळी ११:३१

छान केलंत. आता सविस्तर.

मी जर्मनीत गींगेनपासून दहा-बारा किलोमीटरवर राहते. गींगेन म्हणजे जिथे मार्गारेटे श्टाइफ या बाईंचा मऊ खेळण्यांचा कारखाना सुरू झाला आणि अजून आहे. जन्म १८४७चा, लहानपणी पोलिओ, दोन्ही पाय लुळे पडलेले, उजवा हात अधू. शिवणकामावर उभ्या राहिल्या. १८८०मधे त्यांनी फेल्टचा छोटा हत्ती केला तो टाचण्या खोचायला, आणि मुलंच त्याच्याशी खेळायला लागली. म्हणजे मोठ्यांसाठी केलेली वस्तू बाळाच्या हातात जाणं हे या धंद्यात पहिल्या दिवसापासून होत आलंय, तुम्ही काही जगावेगळा गुन्हा केलेला नाही.

मी स्वतः चौदा वर्षं अस्वलं शिवते, वर्षाला पंधरा ते अठरा. माझ्या प्रत्येक अस्वलाला शिवणीत अडकवलेलं लेबल असतं की हे खेळणं नाही, १४ वर्षांवरच्या संग्राहकांसाठी आहे. युरोपात २००९चं खेळण्यांच्या सुरक्षिततेचं निर्देशपत्र आहे, त्यात अशा संग्राह्य वस्तू खेळण्यांतून वगळल्यात, पण ती सूचना वस्तूवर किंवा वेष्टनावर दिसेल, वाचता येईल अशी पाहिजे. आणि नुसतं लेबल लावलं की सुटलो असंही नाही. मऊमऊ, मिठी मारण्याजोगं, स्वस्त, खेळण्यांच्या टेबलावर मांडलेलं असं असेल तर तपासणारा माणूस लेबल बघत बसत नाही, त्याला ते खेळणंच दिसतं. किंमत काय, मांडलंय कुठे, दिसतं कसं हे सगळं धरतात. म्हणून विचारते, तुमच्या शेजारच्या टेबलावर काय होतं?

सुईदोरा | शनिवार, दुपारी १२:१०

लहान मुलांची झबली-टोपडी 😔

ब्रेन्झकाठ | शनिवार, दुपारी १२:२६

मग काकूंची काहीच चूक नाही. पुढच्या वेळी आयोजकांना आधी सांगा, मातीची भांडी, चित्रं, दागिने असल्यांच्या रांगेत जागा मागा.

घरी एक चाचणी करून बघा. इकडच्या मानकात ६ मिमीपेक्षा मोठा डोळा ९० न्यूटनने ओढतात, म्हणजे साधारण नऊ किलो, आणि तरी निघता कामा नये. आपल्याकडे विमानप्रवासाला बॅग मोजायचा हुकवाला काटा असतो ना, तो घ्या. डोळ्यामागे पातळ नायलॉनच्या दोरीचा फास अडकवायचा, तो हुकात घालायचा आणि सावकाश ओढायचं, कितीला काय तुटतं ते लिहून ठेवायचं. चष्मा घालून करा. अर्थात नऊ किलो टिकला तरी तीन वर्षांखालच्या बाळाला काच नाही ती नाहीच. ही चाचणी फक्त तुम्हाला तुमचा टाका कळावा म्हणून.

पिंपळपान | शनिवार, दुपारी १:१५

प्रामाणिक शंका आहे, राग मानू नका. टेडी म्हणजे मुलांचंच खेळणं की. मोठ्या माणसांसाठी टेडी करायचा, काचेचे डोळे घालायचे आणि मग मुलांपासून लांब ठेवा म्हणायचं, हे मला पटत नाही. मुलाने हात लावायचा नाही तर टेडी कशाला?

ब्रेन्झकाठ | शनिवार, दुपारी ३:४८

पिंपळपान, रागाचं काही नाही, हा प्रश्न मला इथे शेजारणीही विचारतात.

सुरुवात खेळणं म्हणूनच झाली. नोव्हेंबर १९०२मधे अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट मिसिसिपीत शिकारीला गेले होते, झाडाला बांधून ठेवलेल्या अस्वलावर त्यांनी गोळी झाडायला नकार दिला, त्यावर क्लिफर्ड बेरीमनचं व्यंगचित्र वॉशिंग्टनच्या पेपरात आलं, आणि ते बघून ब्रुकलिनच्या मॉरिस मिच्टम या दुकानदाराने कापडी अस्वल करून 'टेडीज बेअर' म्हणून मांडलं. त्याच वर्षी इकडे गींगेनमधे मार्गारेटेंचा पुतण्या रिचर्ड याने सांधे फिरणारं मोहेरचं अस्वल तयार केलं. १९०३च्या लाइपझिगच्या जत्रेत एका अमेरिकन खरेदीदाराने त्याची तीन हजारांची ऑर्डर दिली. १९०७ या एका वर्षात त्या कारखान्याने पावणेदहा लाखांच्या आसपास अस्वलं केली. सगळी मुलांसाठीच.

पण ती मुलं म्हातारी झाली आणि अस्वलं उरली. १९९४मधे लंडनच्या लिलावात १९०४ सालचं 'टेडी गर्ल' नावाचं अस्वल एक लाख दहा हजार पौंडाला गेलं. त्याच्या बऱ्याच आधीपासून, सत्तर-ऐंशीच्या दशकात, अमेरिकेत आणि मग इकडे एकेकटी माणसं घरी बसून स्वतःच्या डिझाइनची अस्वलं करायला लागली होती, ती मोठ्या माणसांनी घेऊन कपाटात ठेवायची म्हणूनच. आपल्याकडे नाही का, देव्हाऱ्यातला बाळकृष्ण बाळासारखा दिसतो, आपण त्याला पाळण्यात घालतो, झबलं शिवतो, पण खेळायला देत नाही कुणाला. माया असतेच की त्यात. माझ्याकडून अस्वल घेणाऱ्यांत सत्तरीचे आजोबा आहेत, हॉस्पिटलातल्या नर्स आहेत, एक ट्रक चालवणारे गृहस्थ आहेत.

पिंपळपान | शनिवार, दुपारी ४:३०

बाळकृष्णाचं बरोबर बोललात. पटलं.

लेस्टरची_शेवंती | शनिवार, संध्याकाळी ५:०२

डोळ्यांवरून आठवलं म्हणून लिहिते. सुरुवातीच्या अस्वलांना बुटाची बटणं असायची डोळे म्हणून, मग तारेवरचे काचेचे आले, आणि मुलं ते सर्रास उपटायची. इथे ब्रिटनमधे वेंडी बोस्टन नावाच्या बाईंनी १९४८मधे स्क्रूसारखा आतून घट्ट बसणाऱ्या डोळ्याचं पेटंट घेतलं, आणि १९५४मधे मशीनमधे धुता येणारा सबंध टेडी आणला. आज बाजारात 'सेफ्टी आइज' म्हणून जे मिळतात, मागे वॉशर असलेले, त्यांचं मूळ तिथलं. मी चॅरिटी शॉपमधे, म्हणजे लोकांनी दान केलेल्या जुन्या वस्तूंच्या दुकानात, काम करते, जुना टेडी आला की पहिले डोळे ओढून बघायचे अशीच आम्हाला शिकवण आहे. आणि सेफ्टी आइज सुद्धा अगदी तान्ह्याला नकोत, भरतकामच बरं.

हिशेबनीस | शनिवार, रात्री ८:१५

कायद्याचं आपल्याकडचं सांगतो, कारण धागा वाचून अजून चारजण शिवायला घेतील. भारतात खेळणी गुणवत्ता नियंत्रण आदेश, २०२० आहे, १ जानेवारी २०२१पासून लागू. १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्याला बीआयएसचा (भारतीय मानक ब्यूरोचा) मार्क लागतो, सॉफ्ट टॉयही त्यातच, मानक आयएस ९८७३. घरी महिन्याला एक अस्वल शिवणाऱ्या बाईला ते परवडायचं नाही. पण केंद्राच्या विकास आयुक्त (हस्तकला) कार्यालयाकडे नोंद असलेल्या कारागिराने स्वतः केलेल्या आणि विकलेल्या खेळण्यांना त्यातून सूट आहे. ओळखपत्राला पहचान कार्ड म्हणतात. सुईदोरा यांनी ते काढून घ्यावं, लेबल लावणार असल्या तरी. अर्थात कागदावर सूट मिळाली म्हणून बाळाच्या घशात काच अडकायची थांबत नाही, ते वर बोलून झालंच आहे.

परदेशी विक्रीचं: १३ डिसेंबर २०२४पासून युरोपियन युनियनमधे नवा सर्वसाधारण उत्पादन सुरक्षा नियम लागू झालाय. तिथल्या गिऱ्हाइकाला माल पाठवायचा तर युरोपात बसलेली एक जबाबदार व्यक्ती किंवा संस्था नेमावी लागते आणि तिचं नाव-पत्ता मालावर द्यावा लागतो. संग्राह्य वस्तू खेळण्यांच्या कायद्यातून सुटली तरी यातून सुटत नाही. इन्स्टावर जर्मन बाईची ऑर्डर आली म्हणून लगेच पार्सल करू नका.

आता माझा प्रश्न. ४,५०० किंमत कशी काढलीत?

सुईदोरा | शनिवार, रात्री ९:४०

इरकलीचा टेडी कापून झालाय, भरायचा आहे, मधेच लिहितेय.

मोहेरचा पाव मीटरचा तुकडा बाहेरून मागवते, कुरियर आणि कस्टम्स धरून ३,२०० पडतो, त्यात ३५ सेंमीचं एकच निघतं. डोळे २५०. सांध्यांच्या हार्डबोर्डच्या चकत्या मी सुताराकडून कापून घेते आणि नटबोल्ट रविवार पेठेतून, मिळून १५०. भर, दोरा, पंजांचं फेल्ट २००. झाले ३,८००. वेळ म्हणाल तर साधारण २८ तास. किंमत अशी काढली की चार हजार म्हणायलाही भीती वाटत होती, तरी पाचशे वर टाकून बघितले.

हिशेबनीस | शनिवार, रात्री ९:५२

७०० भागिले २८. तासाला २५ रुपये.

गोधडीवाली | शनिवार, रात्री १०:०५

अगं आमच्याकडं शेतात खुरपायला जाणाऱ्या बायकासुद्धा या भावात यायच्या नाहीत.

ब्रेन्झकाठ | शनिवार, रात्री १०:२०

सुईदोरा, मी पहिली चार वर्षं हेच केलं. एकदा तर अस्वल पोस्टात टाकून आले आणि हिशेब केला तेव्हा कळलं मीच गिऱ्हाइकाला बारा युरो दिलेत. तेव्हा नवऱ्यापासून लपवलं होतं, इथे पहिल्यांदा लिहितेय.

२८ तास कुठे जातात ते वेगळं मांडा. माझे सगळ्यात जास्त तोंडावर जातात. शिवण मशीनवरही होते, कीस भरणं ताकदीचं काम आहे पण होऊन जातं, तोंड मात्र रेटून होत नाही. आधी नाकाभोवतीची लव छोट्या कात्रीने कातरायची, एका वेळी दोन मिलिमीटर, कारण कापलेली लव परत येत नाही. मग डोळ्यांच्या जागी काळ्या डोक्याच्या टाचण्या लावून अस्वल टेबलावर ठेवायचं आणि झोपायला जायचं. सकाळी चहा घेताना बघायचं, तेव्हा खरं काय ते दिसतं. एक टाचणी दोन मिमी वर गेली तर ते अस्वल चकित दिसतं, खाली आली तर रुसलेलं. मग लांब दाभण घेऊन डोळ्याचे दोरे मानेमागे काढायचे आणि दोघं मिळून ओढायचे, मी मुलाला बोलावते, एकाने डोळा आत दाबून धरायचा आणि दुसऱ्याने गाठ मारायची. नाकाला जाड पर्ल कॉटनचा दोरा, उभे टाके अगदी एकाला एक लागून, एक जरी टाका तिरका बसला तर सगळं उसवून परत. मागच्या महिन्यातल्या एका अस्वलाचं नाक मी पाच वेळा उसवलं.

घेणारी माणसं त्या तोंडाचे पैसे देतात, मोहेरचे नाही. म्हणून तासांचे पैसे लावा. तासाला २०० धरलेत तरी ५,६०० अधिक ३,८००, म्हणजे ९,४००. माझं तेवढंच अस्वल २६० युरोला जातं आणि इथल्या मेळाव्यांत त्यापेक्षा महागडी पुष्कळ असतात.

दादरची_बाहुलीवेडी | रविवार, सकाळी ८:३३

मी घेणाऱ्यांपैकी आहे म्हणून लिहिते, इतके दिवस नुसती वाचत होते. माझ्याकडे एकतीस बाहुल्या आणि चार टेडी आहेत. नऊ-दहा हजार मी देईन, सावकाश साठवून देईन, पण मला काही गोष्टी लागतात. शिवणीत अडकलेली लव सुईने उपसून काढलेली हवी, नाहीतर शिवण रेघेसारखी दिसते. पायावर उभा नाही राहिला तरी चालेल पण बसल्यावर एका बाजूला कलंडू नये. कोणी केला, कधी केला, या डिझाइनचे किती केले हे हाताने लिहिलेलं कार्ड हवं, आणि "एकच केला" म्हणालात तर एकच केलेला हवा. एका बाईंकडून 'जगात एकमेव' म्हणून घेतला होता आणि चार महिन्यांनी त्यांच्याच पानावर तस्साच दुसरा दिसला, फक्त रिबन वेगळी. पैशांचं नाही वाटलं इतकं. मी त्याला कपाटात मागच्या रांगेत ठेवलाय, बघवत नाही.

आणि कृपया सगळ्यांनी कसरीबद्दल सांगत जा. मोहेर म्हणजे लोकर, मुंबईच्या हवेत कसर लागते आणि पावसाळ्यात आतल्या किसाला बुरशीचा वास येतो. माझा एक टेडी आतून पोखरला गेला होता, उचलला तर हातात लवेचा पुंजका आला. आता नवीन कुठलाही आला की हवा काढलेल्या पिशवीत घालून दोन आठवडे फ्रीजरमधे, मग आत. डांबरगोळ्या घालू नका, तो वास लोकरीतून जन्मात जात नाही.

मोहर्लीची_वाट | रविवार, सकाळी ९:१०

मी चंद्रपूरचा, जंगलात गाइडचं काम करतो, बायको हा धागा वाचत होती म्हणून मीही वाचला. एक विचारू का ताई, तुम्ही सगळ्या जी अस्वलं शिवता ती सगळी तपकिरी, गोल तोंडाची, परदेशी. आपलं अस्वल कुणी का शिवत नाही? आमच्या ताडोब्यातलं, मेळघाटातलं, बुलडाण्याच्या ज्ञानगंगेतलं. अंगभर काळे लांब विस्कटलेले केस, मानेभोवती तर आयाळच म्हणा, छातीवर पांढरा इंग्रजी व्हीसारखा पट्टा, तोंड लांब आणि फिकट मळकट रंगाचं. नखं आपल्या बोटाएवढी. वारूळ फोडून वाळवी ओढून खातं, त्याकरता वरचे पुढचे दोन दात नसतातच त्याला, ओठ नळीसारखे पुढे काढतं आणि तो आवाज लांबवर ऐकू येतो. आणि मादी पिल्लांना पाठीवर घेऊन फिरते, दोन-दोन. मी स्वतः पाहिलंय, पिल्लं आईचे केस मुठीत धरून बसलेली असतात आणि ती वाऱ्यासारखी चाललेली असते.

गोधडीवाली | रविवार, सकाळी ९:२५

अगं बाई! पाठीवर पिल्लू!! सुईदोरा वाच हे!

ब्रेन्झकाठ | रविवार, सकाळी ११:४४

चौदा वर्षांत माझ्या डोक्यात हे आलं नाही. मोहर्लीची वाट, मनापासून धन्यवाद. इथल्या मेळाव्यात ध्रुवीय अस्वल दिसतं, पांडा दिसतो, आपलं अस्वल मी कधीच पाहिलं नाही. २५ मिमीच्या लांब लवेचं विस्कटलेलं काळं मोहेर मिळतं, ते अगदी बरोबर बसेल. अंगाला लांब लव आणि तोंडाला ६ मिमीची फिकट, म्हणजे डोक्याची मधली पट्टी, झब्ब्याच्या कळीसारखी असते ती, दोन कापडांत जोडावी लागेल. सुईदोरा, हे तुम्ही करा. मी विचार केला की मीच करावं का, पण ते तुमच्याकडून यायला हवं.

सुईदोरा | रविवार, रात्री ९:१८

आत्ता आले काकूंकडून. सगळं सांगते.

आधी चाचणी. सकाळी जुन्या एका डोक्यावर, नाक बिघडलं म्हणून ठेवून दिलं होतं त्यावर, बॅगेच्या काट्याने डोळा ओढला. साडेसहा किलोला निघाला. मला वाटत होतं दोरा तुटेल, तर दोरा जसाच्या तसा, डोळ्यामागचा तारेचा फासाच उघडला. म्हणजे तीन वर्षं मी दोरा जाड करत बसले आणि कच्ची जागा भलतीकडेच होती. यापुढे फासा पक्कडीने दाबून बंद केल्याशिवाय दोरा ओवणार नाही.

इरकलीचा टेडी रात्री अडीचला झाला. काठाचा तुकडा पोटावर आडवा घेतला, सासूबाईंनी ओळखला लगेच. डोळे काळ्या दोऱ्याने भरले, खाली आधी गोल साखळी टाका घालून वर भरीव, म्हणजे बाळाने चोखले तरी टाका सुटत नाही. सगळ्या शिवणी दोनदा घातल्या. बाळाने हातात घेतला, काठ चाटला, फेकला, परत मागितला. आता तो त्याचा.

मग मी काकूंपुढे पाकीट ठेवलं, ४,५००. मोठा टेडी कपाटावरून काढून त्यांनी मांडीवर घेतलेला. म्हणाल्या पैसे नकोत, हा इथेच राहू दे. मी म्हटलं काकू पण घरात बाळ आहे. तर जरा वेळ काही बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, "अगं तो मी माझ्यासाठीच घेतला होता. घरी काय सांगू, या वयात टेडी घेतला म्हणून? म्हणून नातवाचं नाव केलं. आणि मग वाढदिवसाला सगळे म्हणाले दे ना त्याला, तर द्यावाच लागला." सूनबाई तिथेच होत्या, त्या उठल्या आणि शोकेसमधले चांदीचे पेले खालच्या कप्प्यात ठेवून वरचा काचेचा कप्पा मोकळा करून दिला. कुलूप आहे त्याला. टेडी आता तिथे बसलाय, काकूंच्या खुर्चीसमोर.

मी त्यांना कार्ड लिहून दिलं, नंबर १२, ३५ सेंमी, या रंगात हा एकच. आणि आत्ता घरी येऊन लेबलचा मजकूर लिहिलाय, कापडी पट्टीवर छापून घेणार आहे. बघा बरोबर आहे का: "हे खेळणं नाही. १४ वर्षांवरच्या संग्राहकांसाठी. काचेचे डोळे, आत स्टीलचे छर्रे. लहान मुलांच्या हाती देऊ नये." आणि प्रदर्शनात टेबलावर मोठ्या अक्षरात पाटी: कुणासाठी घेताय ते मला आवर्जून सांगा.

किंमत ८,५०० पासून सुरू करते. हात थरथरतोय लिहिताना पण करते.

हिशेबनीस | रविवार, रात्री ९:३५

मजकूर बरोबर आहे. त्याखाली तुमचं नाव, गाव आणि नंबर टाका. पहचान कार्डाचं विसरू नका.

दादरची_बाहुलीवेडी | रविवार, रात्री ९:५०

काकूंना माझा नमस्कार सांग. मीही पहिली बाहुली भाचीच्या नावाने घेतली होती. पाठीवर पिल्लू असलेलं पहिलं अस्वल माझं, आत्ताच सांगून ठेवते, १०,००० पर्यंत.

सुईदोरा | रविवार, रात्री १०:१२

😭 नक्की. मोहर्लीची वाट दादा, मला मापं लागतील. तोंड अंगाच्या मानाने किती लांब घेऊ? आणि पिल्लू पाठीवर नेमकं कुठे बसतं, खांद्याजवळ की कमरेकडे? फोटोंत केसांमुळे काही कळत नाही.

मोहर्लीची_वाट | सोमवार, पहाटे ५:०५

ताई, गाडी निघायची आहे, थोडक्यात सांगतो. पिल्लू खांद्याजवळ बसतं, जिथे केस सगळ्यात दाट आणि लांब असतात तिथे, धरायला सोपं जातं म्हणून. दोन असली तर दुसरं मागे कमरेकडे. पिल्लाचं तोंड पुढे, आई जाते तिकडेच. आईचं तोंड लांब घ्या पण नाकाशी निमुळतं करू नका, कुत्र्यासारखं दिसेल, नाकपुड्या रुंद असतात. कान मोठे आणि लोंबते केस असलेले. नखं पांढुरकी, काळी नाही. आज दिसलं तर नीट बघून संध्याकाळी अजून लिहितो.